बॅटरी गेली, की कोणी पितंय?

(दसऱ्याआधीच्या प्रभाग संघाच्या सभेत क्षेत्रीय समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)



हिशेबाच्या वह्या नंतर बघू, आधी गाडीचं बोलायचंय. झेंडू तोडणीला आलाय. दसऱ्याच्या आदल्या रात्री दादरच्या फूलबाजारात माल वेळेत उतरला तरच भाव, हे मी तुम्हाला सांगायला नको. गेल्या वर्षी आपल्या एका गटाची जुनी व्हॅन भरून तयार होती आणि सेल्फ नुसता टक टक करत राहिला. ऐनवेळी भाड्याचा टेम्पो केला, नफा भाड्यात गेला. त्याआधी आठ महिन्यांत त्याच गाडीला दोन नव्या बॅटऱ्या बसवल्या होत्या. दोन! गटाच्या निधीतून. दोन्ही वेळा उत्तर एकच, "बॅटरी गेली."

मी लालबागची. माझे बाबा काळी-पिवळी पद्मिनी चालवायचे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि २० वर्षांची मर्यादा संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही थांबली. म्हणजे हे लोक वीस वीस वर्षांच्या गाड्या रोजच्या धंद्याला चालवत होते. बॅटरी उतरली की बाबा लगेच नवी घेत नसत. परळला एका वायरिंगवाल्याकडे जात. तो आधी तीन गोष्टी तपासायचा.

आपल्या पाण्याच्या टाकीसारखंच आहे बघा. सकाळी टाकी रिकामी दिसली तर टाकी फुटकी असेल, मोटर पाणी चढवत नसेल, नाहीतर रात्री कुठला तरी नळ ठिबकत असेल. नळ ठिबकत असताना टाकी बदलून काय होणार?

यासाठी मीटर लागतो. लोहार चाळीत साधा मल्टिमीटर पाचशेच्या आत मिळतो, संघासाठी एक आणलाय. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी लावा. १२.६ च्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग गाडी चालू करून पुन्हा बघा. आता आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान हवा. तो १२ वरच राहिला तर अल्टरनेटर बॅटरी भरत नाहीये. आधी त्याचा पट्टा सैल आहे का ते बघा. गाडी चालू झाल्यावरही बॅटरीचा लाल दिवा विझला नाही, तरी शंका तीच.

भरलेली बॅटरी सेल्फ मारताना ९ च्याही खाली कोसळत असेल, तर मात्र बॅटरीच थकली असण्याची शक्यता जास्त. पण त्याआधी टर्मिनल बघा. पांढरा-हिरवा थर असेल तर खाण्याचा सोडा आणि गरम पाणी घेऊन घासा, सुकवून व्हॅसलीन लावा. बॅटरीपासून गाडीच्या पत्र्याला जाणारी अर्थिंगची वायर गंजली असेल तरी सेल्फ असाच रडतो. पावसात हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर फ्यूजपेटी आणि दिव्यांचे होल्डर नक्की उघडून बघा, तांब्याला हिरवं चढतं.

आता ठिबकणारा नळ. गाडी बंद, चावी काढलेली, दारं बंद. बॅटरीची वजा बाजूची वायर सोडवा आणि ती वायर व बॅटरी यांच्यामध्ये मीटर जोडा, १० अँपिअरच्या भोकात पिन घालून. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही. जुन्या साध्या गाडीत ०.०५ अँपिअरच्या आत आकडा असेल तर चालतं. त्या व्हॅनमध्ये आला ०.६! चोवीस तासांत चौदा अँपिअर-तासांहून जास्त, आणि बॅटरी पस्तीसची. शुक्रवारी उभी केलेली गाडी रविवारी कशी चालू होणार?

मग एकेक फ्यूज काढत गेलो. आकडा हललाच नाही, म्हणजे वाट फ्यूजपेटीबाहेरून होती. भजनाच्या टेपला कुणीतरी अँप्लिफायर जोडला होता, थेट बॅटरीवरून, चावी काढली तरी चालू. वायर सोडवली, आकडा ०.०२ वर आला. बॅटरी चार्ज करून घेतली, तीच आजही चालतेय. जुन्या गाडीत कंपनीच्या वायरिंगपेक्षा नंतर जोडलेल्या वायरींवर माझा पहिला संशय असतो. मागच्या बाजूचा दिवा, मोबाईल चार्जर, हॉर्न, सगळं त्यात आलं.

हात घालण्याआधी धातूच्या बांगड्या, अंगठ्या काढा. मंगळसूत्र पदरात खोचा. दागिना अधिक टर्मिनलला लागून पत्र्याला टेकला तर लाल होईपर्यंत तापतो. सोडवताना नेहमी वजा आधी, जोडताना वजा शेवटी. आणि दसऱ्याला गाडीची पूजा करा, पण बॉनेट उघडून बॅटरीजवळ उदबत्ती नको. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो.

ड्रायव्हरदादांनी "बॅटरी गेली" म्हटलं की ठरावाच्या वहीत आधी तिन्ही आकडे लिहा, मगच पैसे मंजूर करा. दादांना राग येईल, येऊ दे. गाडी गटाची आहे.

शनिवारपासून मी मीटर घेऊन तुमच्या दारात येते. गाडी संघात आणू नका. चालवून आणलेल्या गाडीचा आकडा वाटेत चढलेला असतो. आदल्या रात्रीपासून उभीच ठेवा, मी सकाळी सातला पोचते.