श्रवणाचा साठा आणि त्याची मांडणी

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील व्याख्यान)



या मेळाव्यात ज्येष्ठांच्या उपयोगाचे काही बोलावे, अशी सूचना संयोजकांनी केली. मी विषय सांगितला, तेव्हा ते क्षणभर गप्पच झाले. कापडाच्या पेढीवर आयुष्य घालवलेला मनुष्य पॉडकास्टवर काय बोलणार, असा प्रश्न त्यांना पडला असावा. संगणकशास्त्र मी शिकलेलो नाही. वाणिज्य शाखेची पदवी आणि माल मांडण्याची सवय, एवढ्याच भांडवलावर मी उभा आहे. परंतु हा विषय मुळात माल मांडण्याचाच आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत आहे.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, आयुष्यभर वाचनात रमलेली. काचबिंदूने तिची दृष्टी हळूहळू गेली. डॉक्टरांनी जे होते ते स्पष्ट सांगितले आणि तिने ते शांतपणे ऐकून घेतले; पण दुपारचे दोन ते पाच हे तास तिला खाऊ लागले. घरातील मंडळी वाचून दाखवीत, नाही असे नाही. मात्र प्रत्येक वेळी कोणाला तरी हाक मारावी लागते, हे तिला फार लागत असे. स्मार्टफोन देऊन पाहिला. गुळगुळीत काचेवर बोट कोठे ठेवावे हे ज्याला दिसत नाही, त्याला ती काच म्हणजे भिंतच. मध्येच कोणाचा फोन येई आणि चाललेली कथा बंद पडे. म्हणून आम्ही बटणे असलेल्या लहानशा प्लेअरकडे वळलो.

आता पॉडकास्ट म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. कोणी एखादी बोलण्याची मालिका ध्वनिमुद्रित करतो आणि इंटरनेटवर तिची एक यादी ठेवतो. त्या यादीला फीड म्हणतात. यादीतील प्रत्येक नोंदीबरोबर त्या भागाच्या ध्वनिफितीचा पत्ता जोडलेला असतो. हा पत्ता जोडण्याची सोय २००० सालच्या अखेरीस डेव्ह वायनर यांनी करून दिली. आपल्या संगणकातील प्रोग्रॅम ती यादी अधूनमधून पाहतो आणि नवा भाग आला की तो उतरवून घेतो. गिरणीचा माल दर आठवड्यास आपोआप दुकानी यावा, तसाच हा प्रकार. ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द बेन हॅमर्सली यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये इंग्लंडच्या ‘गार्डियन’ दैनिकातील लेखात सहज सुचवला होता. जून २००५ मध्ये ॲपलने आपल्या आयट्यून्स या प्रोग्रॅममध्ये पॉडकास्टची सोय केली आणि त्याच वर्षी न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने ‘पॉडकास्ट’ हा वर्षाचा शब्द ठरवला. शब्दातील ‘पॉड’ आयपॉडवरून आला. आयपॉडची मालिका २००१ साली सुरू झाली आणि २०२२ साली ॲपलने शेवटचा आयपॉडही बंद केला. नाव मात्र टिकून राहिले.

प्रथम मी बाजारातून एक साधा, स्वस्त प्लेअर आणला. एका मराठी कादंबरीच्या क्रमशः वाचनाचे चाळीस भाग उतरवून घेतले आणि त्यात भरून अक्काच्या हाती दिले. तीन दिवसांनी विचारले, “कशी आहे गोष्ट?” ती म्हणाली, “चांगली आहे रे. पण नायकाचे वडील आधी वारतात आणि मग त्याच्या मुंजीत जेवायला वाढतात. आजकाल असंच लिहीत असतील म्हटलं.”

हा घोटाळा कसा झाला, ते समजून घेण्यासारखे आहे, कारण आपणा सर्वांच्या बाबतीत तो होऊ शकतो. फायलींची नावे १, २, ३ अशी होती. संगणकाच्या पडद्यावर त्या बरोबर क्रमाने दिसत होत्या, कारण अलीकडील विंडोज नावातील आकडा हा आकडा म्हणूनच वाचते. साधा प्लेअर मात्र अक्षरामागून अक्षर पाहतो. त्याच्या दृष्टीने १ नंतर १०, मग ११, असे करीत १९ पर्यंत. त्यानंतर २, मग २०. त्यामुळे अक्काने पहिल्या भागानंतर थेट दहावा ऐकला. उपाय अगदी सोपा आहे. चाळीस भाग असतील तर ०१, ०२ अशी दोन आकडी नावे द्यावीत. चातुर्मासातील प्रवचनमालेचे शंभरावर भाग असतील तर ००१ पासून आरंभ करावा. तारखेवरून नाव द्यायचे झाल्यास आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. आपल्या वहीतील तारखेची रीत येथे उलटी करावी लागते.

नावे सुधारली, तरी पुढच्या खेपेस क्रम पुन्हा चुकला. शोध घेता कळले, की काही स्वस्त प्लेअर नावाकडेही पाहत नाहीत. ज्या क्रमाने फायली आत गेल्या, त्याच क्रमाने त्या वाजवतात. मी घाईने मधले काही भाग आधी टाकले होते. तेव्हापासून मी संपूर्ण फोल्डर पुसून, क्रम लावून, एकदमच भरतो. मधल्यामध्ये एखादा भाग घुसवण्याचा मोह टाळलेला बरा.

तिसरी अडचण लेबलाची. गिरणीतून आलेल्या ताग्याच्या टोकावर गिरणीचे नाव आणि जात छापलेली असते, हे आपण सर्व जाणतो. एमपीथ्री फायलीलाही असाच शिक्का असतो. १९९६ सालच्या पहिल्या पद्धतीत तो फायलीच्या अगदी शेवटच्या १२८ बाइटमध्ये बसवलेला असे. शीर्षकाला तीस अक्षरे, कलाकाराला तीस, अल्बमला तीस. त्यापुढचे सर्व कापले जाई. मालिकेचे लांबलचक नाव प्रथम आणि भाग क्रमांक शेवटी लिहिला, तर नेमका क्रमांकच कात्रीखाली येतो. नंतरच्या पद्धतीत शिक्का फायलीच्या आरंभी आला, त्याला लांबीही मिळाली आणि देवनागरी अक्षरेही त्यात मावू लागली. पण लहान प्लेअरमध्ये देवनागरीचा टंक नसेल, तर पडद्यावर नुसते चौकोन दिसतात. म्हणून स्वभाषेचा अभिमान क्षणभर बाजूस ठेवून शिक्के रोमन लिपीत लिहावेत, असे माझे मत आहे. त्यासाठी एमपीथ्रीटॅग नावाचा प्रोग्रॅम विंडोजवर विनामूल्य मिळतो. चाळीस फायली एकत्र निवडून अल्बमचे नाव एकदाच लिहावे, क्रमांक तो स्वतः घालतो. कित्येक प्लेअर फायलीच्या नावापेक्षा या शिक्क्यावरच अधिक विश्वास ठेवतात. शिक्का आणि नाव यांत मेळ नसेल, तर आपण डोके धरून बसतो.

यानंतर आमच्या घरी एक आयपॉड नॅनो आला. भाच्याने प्रेमाने दिलेला. यंत्र सुबक, आणि पॉडकास्ट जेथे थांबले तेथूनच पुढे सुरू होई. अक्काला हे फार आवडले. पण त्याची रीत निराळी. त्यात फायली नेहमीप्रमाणे नुसत्या टाकून चालत नाहीत. आयट्यून्स प्रत्येक फायलीस चार अक्षरांचे भलतेच नाव देऊन एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि खरे नाव, क्रम, कोठवर ऐकले, हे सर्व एका वेगळ्या नोंदवहीत लिहितो. आयपॉड फक्त ती नोंदवही वाचतो. आपण हाताने फाईल नेऊन ठेवली, तर ती आत असते, जागाही अडवते, पण वाजत नाही. वखारीत गाठ आहे आणि खतावणीत नोंद नाही, अशा मालाची विक्री कशी व्हावी? वाणिज्याच्या विद्यार्थ्यास ही व्यवस्था पटते. पण तिच्यात एक धोका आहे, आणि तो मला २०१२ साली भोवला.

घरचा संगणक दुरुस्तीस गेला होता. अक्काचे भाग संपत आले, म्हणून मी तो आयपॉड पेढीवरील संगणकास जोडला. पडद्यावर सूचना आली, की हे यंत्र दुसऱ्या संग्रहाशी जोडलेले आहे; त्यातील माल पुसून या संग्रहाशी जुळवायचे काय? समोर गिऱ्हाईक उभे, एका हातात मोजपट्टी. मी अर्धवट वाचून होकाराचे बटण दाबले. पेढीवरील संग्रह रिकामा होता. म्हणून आयपॉडही रिकामा झाला. सूचना स्पष्ट होती, दोष सर्वस्वी माझा. आठ-नऊ महिन्यांत जमवलेले नव्वदएक भाग गेले. घरचा संगणक परत आला तो आतील सर्व पुसूनच. मनात म्हटले, पुन्हा उतरवून घेऊ. फीड उघडून पाहतो, तर तिच्यात केवळ शेवटचे काही भाग. अनेक मालिकांच्या याद्या अशाच असतात. नवा भाग चढला की जुना उतरतो. त्यांपैकी एक मालिका तर बंदच पडली होती. ती मला पुन्हा कोठेही मिळाली नाही.

अक्का रागावली नाही. “राहू दे,” म्हणाली, “मला शेवट काय झाला तेवढं सांग.” मला तो ठाऊक नव्हता. मी भाग भरत असे, ऐकत नसे.

तेव्हापासून प्रत्येक भाग मी दोन ठिकाणी ठेवतो: एक प्रत संगणकावर आणि एक वेगळ्या डिस्कवर. प्लेअरमधील प्रत ही दुकानातील मांडणी समजावी, वखार समजू नये. फोनवरील ॲपच्या भरवशावर राहणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. गूगलसारख्या बलाढ्य कंपनीनेही आपले पॉडकास्टचे ॲप २०२४ मध्ये बंद केले आणि लोकांना आपापल्या याद्या दुसरीकडे हलवाव्या लागल्या. ज्याच्या फायली स्वतःजवळ होत्या, त्याला धावाधाव पडली नाही. अर्थात, निर्मात्याने जे मोकळेपणाने उतरवून घेऊ दिले आहे, तेच घ्यावे. आज बऱ्याच मराठी मालिका केवळ चलचित्र स्वरूपात असतात, त्यांची ध्वनिफीत वेगळी मिळत नाही. तेथे आपला इलाज चालत नाही. इंग्रजी चालत असेल, तर २००५ साली सुरू झालेली लिब्रिव्हॉक्स ही स्वयंसेवकांची संस्था स्वामित्वहक्क संपलेली पुस्तके वाचून विनामूल्य देते.

तिच्याकडे प्रत्येक भाग दोन प्रतींत मिळतो, ६४ आणि १२८ किलोबिटचा. बोलण्यासाठी ६४ पुरे होतो. हिशेब सोपा आहे. ६४ भागिले ८, म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. तासाला २८,८००, म्हणजे सुमारे २९ मेगाबाइट. चार जीबीच्या प्लेअरमध्ये सव्वाशे तासांहून अधिक बोलणे मावते. संगीताला जाडी लागते. बोलण्याला मलमल चालते.

नॅनोनंतर अक्कासाठी सॅनडिस्कचा सान्सा क्लिप प्लस घेतला. २००९ साली निघालेले हे आगपेटीएवढे यंत्र संगणकास जोडले, की साध्या पेनड्राइव्हसारखे उघडता येते, आणि त्यात पॉडकास्टसाठी वेगळे फोल्डर असते. मालिकेगणिक आत एक फोल्डर करावे. फायली भरून झाल्या, की संगणकास ‘सुरक्षित बाहेर काढा’ ही आज्ञा द्यावी आणि मगच वायर ओढावी. शेवटची फाईल अर्धी लिहिलेली राहते, ती याच घाईमुळे.

राहिला प्रश्न न दिसणाऱ्याने फोल्डर ओळखावे कसे, याचा. रॉकबॉक्स नावाची, २००१ सालापासून स्वयंसेवकांनी चालवलेली एक प्रणाली आहे. ती सान्सा क्लिप प्लससारख्या प्लेअरमध्ये बसवली, तर यंत्र आपली मेनू आणि फोल्डरची नावे बोलून सांगते. उत्तम आहे, पण बसवणाऱ्यास धीर हवा. आम्ही घरगुती युक्ती केली. प्रत्येक फोल्डरमध्ये ००० क्रमांकाची, दहा सेकंदांची एक फाईल माझ्या आवाजात भरली: “अक्का, हे प्रवासवर्णन, एकूण बारा भाग.” नको असेल तर ती पुढचे बटण दाबते. नातवंडांनी पुढे आपापल्या आवाजात सूचना भरल्या. त्यांत थोडा चहाटळपणाही आहे, तो मी पुसलेला नाही.

आवाजाचे मान हीसुद्धा एक कटकट. एका मालिकेत कुजबुज, तर दुसरीत नगारा. एमपीथ्रीगेन हा प्रोग्रॅम मूळ ध्वनीस हात न लावता सर्वांची पातळी सारखी करून देतो, आणि हवे तर पूर्ववतही करतो.

आणखी एक. एकाच वेळी शंभर भाग भरू नयेत. मावतात म्हणून भरणे ही गोदामवाल्याची वृत्ती झाली. मी दर रविवारी आठ-दहा भाग देतो, आधी आलेले आधी, आणि ऐकलेला भाग तिने सांगितल्याखेरीज काढत नाही. काही भाग ती दोनदा ऐकते. आता यादीही तीच सांगते. मी केवळ माल पोचवणारा. शिवाय मीही हल्ली प्रत्येक भाग आधी ऐकतो. २०१२ सालच्या त्या मालिकेचा शेवट मात्र आम्हा दोघांनाही अद्याप समजलेला नाही. कोणाकडे जुन्या मराठी वाचनमालांचे भाग शिल्लक असल्यास कृपया मला भेटावे.

वेळ संपत आली आहे. भोजनानंतर मी सभागृहाच्या मागील टेबलावर संगणक आणि वायरी घेऊन बसणार आहे. ज्यांना प्लेअर भरून हवे असतील, त्यांनी ते आणून द्यावेत. सकाळपासून तीन प्लेअर माझ्याकडे जमा झाले आहेत आणि तिन्हीही काळ्याच रंगाचे आहेत. त्यांच्या मालकांनी आपापल्या नावाची चिठ्ठी आताच लावून जावी, ही विनंती.