तिरपे अक्षर आणि मराठी पान



भिलाईसारख्या पोलादाच्या नगरीत अक्षरांविषयी बोलताना पोलादापासूनच प्रारंभ करणे उचित ठरेल. जुन्या मुद्रणात प्रत्येक अक्षर प्रथम पोलादी दांडीच्या टोकावर उलटे कोरले जाई. तो ठसा तांब्यात ठोकून साचा करीत आणि साच्यात शिसेमिश्रित धातू ओतून खिळे पाडीत. जावजी दादाजी यांनी १८६९ साली मुंबईत काढलेल्या निर्णयसागर छापखान्याची कीर्ती अशाच सुबक खिळ्यांवर उभी राहिली.

रोमन लिपीतील तिरपे अक्षर व्हेनिसचे. तेथे आल्डुस मानुत्सिओ याने १५०१ साली व्हर्जिलचा संपूर्ण ग्रंथ तशा अक्षरांत छापला. पुढे हे अक्षर स्वतंत्र न राहता उभ्या अक्षराचे सहचर झाले. विसाव्या शतकात टोकांना आडवे फाटे नसलेली, ‘सॅन्स-सेरिफ’ म्हणून ओळखली जाणारी अक्षरे रूढ झाली, तेव्हा त्यांनाही तिरपी जोड लाभली. आद्रिआं फ्रुटिगर याच्या १९५७ सालच्या ‘युनिव्हर्स’ या अक्षरकुलात प्रत्येक प्रकाराला क्रमांक आहे. ४५ म्हणजे बारीक उभे, ४६ म्हणजे बारीक तिरपे. हे अक्षर नुसते कलवलेले नसते. कलल्याने वळणांत येणारा बेढबपणा सावरून ते पुन्हा रेखाटावे लागते. चित्राखालील ओळीला किंवा छोट्या टीपेला ते शोभते, कारण मुख्य मजकुरापासून ते वेगळे दिसते, पण त्याच्यावर आवाज चढवीत नाही.

देवनागरीची प्रकृती निराळी आहे. शिरोरेषा आडवीच राहते आणि तिला टांगलेले काने मात्र कलतात. वेलांटी शेजारच्या अक्षरावर झुकते. संगणकावर कोणतेही अक्षर क्षणात तिरपे करता येते, परंतु त्या यांत्रिक कलण्याने ‘ठ’ व ‘ळ’ यांची गोलाई बिघडते. मुंबईच्या ‘एक टाइप’ने रेखाटलेल्या ‘मुक्ता’ या अक्षरकुलात बारीकपासून जाडपर्यंत सात प्रकार आहेत; तिरपा एकही नाही. ही उणीव नव्हे, लिपीची ओळख आहे.

मग इंग्रजी ग्रंथातील तिरप्या शब्दांचे अनुवादकाने काय करावे? प्रथम ते अक्षर तेथे कोणत्या कामासाठी आले आहे, ते पाहावे. ग्रंथनाम असेल तर एकेरी अवतरणचिन्हे पुरतात. पात्राचे स्वगत असेल तर ‘असे त्याच्या मनात आले’ एवढी जोड द्यावी. शब्दावर भर द्यावयाचा असेल तर मराठीपाशी ‘च’ आहे. ‘मी सांगितले’ आणि ‘मीच सांगितले’ यांतील अंतर दाखविण्यास खिळा तिरपा करावा लागत नाही.

ग्रंथालयातून पुस्तक घरी नेणाऱ्या वाचकापुढे मूळ पान नसते. तिरप्या अक्षराचा आशय वाक्यात उतरला नाही, तर तो त्याच्यापुरता कायमचा हरवतो. आणि लेखकाने ज्या शब्दावर बोट ठेवले होते, तोच शब्द इतरांच्या गर्दीत निमूट उभा राहतो.