पुस्तकांच्या एका दुकानाचा ताळेबंद



अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकातील दुकानाचा हिशेब सोपा असतो. माल घ्यावयाचा, त्यावर भाडे, पगार आणि व्याज चढवावयाचे आणि उरेल त्यास नफा म्हणावयाचे. या एकाच मापाने मोजले तर लंडनच्या ब्लूम्सबरी भागात मार्चमाँट स्ट्रीटवर असलेले 'गेज् द वर्ड' हे छोटेसे पुस्तकांचे दुकान केव्हाच बंद व्हावयास हवे होते. १९७९ मध्ये समलिंगी वाचकांसाठी उघडलेल्या या दुकानावर सरकारी छापा पडला, खटला भरला गेला, पुढे भाडेवाढीने व बड्या विक्रेत्यांच्या स्पर्धेने त्याचा गळा आवळला. तरीही ते आजतागायत त्याच रस्त्यावर उभे आहे. ते का टिकले, याचे उत्तर त्याच्या रोकडवहीत सापडत नाही. ज्या हिशेबात ते सापडते, तो हिशेब समाजवादी कार्यकर्त्याने मांडून पाहण्यासारखा आहे.

प्रथम एक मूलभूत गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जगातील बहुतेक पीडित समाजांना आपला समाज जन्मतःच मिळतो. दलिताच्या मुलाला अपमान भोगावा लागतो हे खरे. पण तोच अपमान भोगलेले आईबाप त्याच्या घरात असतात, वस्ती असते, जयंतीची मिरवणूक असते, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गाणी असतात. धार्मिक अल्पसंख्याकाला प्रार्थनास्थळ असते, परप्रांतीयाला मंडळ असते. समलिंगी माणसाचे तसे नाही. तो ज्या घरात जन्मतो त्या घरात बहुधा त्याच्यासारखे दुसरे कोणी नसते, आणि असले तरी ते बोलत नाही. त्याचा इतिहास त्याला आजीकडून कळत नाही. आपण एकटेच असे आहोत, ही त्याची पहिली समजूत असते आणि ती कित्येकदा आयुष्यभर टिकते. ज्या समाजाची स्मृती कुटुंबाच्या वाटेने पुढे जाऊ शकत नाही, त्या समाजात ती पुस्तकाच्या वाटेनेच जावी लागते. म्हणून अन्य वाचकाला जी केवळ आवड वाटेल, ती येथे गरज ठरते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६७ च्या कायद्याने एकवीस वर्षांवरील दोन पुरुषांचा खाजगी समलिंगी संबंध गुन्हा राहिला नाही. पण कायद्याने फक्त शयनगृहाचे दार लावून घेण्याची मुभा दिली होती; रस्त्यावरचे दार उघडले नव्हते. भेटावयाचे तर दारूच्या गुत्त्यात, तेही अंधारात आणि खिशात पैसे असतील तरच. न्यूयॉर्कमध्ये क्रेग रॉडवेल या तरुण कार्यकर्त्याने १९६७ मध्येच ऑस्कर वाइल्डच्या नावाने एक पुस्तकांचे दुकान उघडले होते. अमेरिकेतील अशा दुकानांपासून प्रेरणा घेऊन लंडनमधील 'आइसब्रेकर्स' या समाजवादी विचाराच्या समलिंगी गटातील काही मंडळी पुढे आली. त्यांना हवी होती ती कॅम्डन नगरपरिषदेच्या ताब्यातील जागा. परिषद प्रथम भाडेपट्टा देण्यास राजी नव्हती. तेव्हा त्या परिषदेचे सदस्य असलेले मजूर पक्षाचे केन लिव्हिंग्स्टन यांनी मध्ये पडून तो मिळवून दिला. निवडून आलेल्या एका प्रतिनिधीने केलेले हे काम तसे किरकोळ म्हणता येईल. त्यात ना भाषण, ना ठराव. परंतु त्या एका भाडेपट्ट्यावर पुढे जे उभे राहिले ते शेकडो ठरावांनी उभे राहिले नसते.

त्या दुकानात काय होते? पुस्तके तर होतीच. त्यांतली कित्येक अन्य कोणत्याही दुकानात मिळत नसत. त्याखेरीज गटांच्या बैठका होत्या. स्त्री-समलिंगींचे चर्चामंडळ होते, कृष्णवर्णीय व अपंग समलिंगी व्यक्तींचे गट होते. पुढे पारलिंगी व्यक्तींच्या बैठकाही तेथे भरू लागल्या. गावाहून लंडनला नव्याने आलेल्या माणसाला खोली कोठे मिळेल, वकील कोणता गाठावा, डॉक्टर कोणता अपमान करणार नाही, हे विचारावयास एक पत्ता झाला. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या दुकानाला रस्त्याकडे तोंड करून असलेली काचेची खिडकी होती. गुत्त्यात शिरणाऱ्याला काही विकत घ्यावेच लागते. पुस्तकांच्या दुकानात मात्र बेकार तरुण तासभर उभा राहून वाचू शकतो, काही न घेता बाहेर पडू शकतो, आणि आत का आलास असे त्याला कोणी विचारीत नाही. गावात चावडीचा किंवा पाराचा जो उपयोग असतो, तो येथे चार फळ्यांच्या कपाटांनी भागविला.

सत्तेला हे समजावयास वेळ लागला नाही. एप्रिल १९८४ मध्ये जकात खात्याने दुकानावर धाड घातली आणि हजारो पौंडांची पुस्तके उचलून नेली. जप्त झालेल्या लेखकांत टेनेसी विल्यम्स, गोर विडाल, ख्रिस्तोफर इशरवुड, झां जने अशी नावे होती. दुकानाच्या संचालकांवर अश्लील पुस्तके आयात करण्याच्या कटाचा आरोप ठेवण्यात आला, तोही १८७६ च्या जकात कायद्याखाली. यातील मेख समजून घेण्यासारखी आहे. देशात छापलेल्या पुस्तकावर खटला झाला तर १९५९ च्या कायद्याप्रमाणे, पुस्तकाला वाङ्मयीन मूल्य आहे असा बचाव करता येत असे. आयात केलेल्या पुस्तकाला हा बचाव उपलब्ध नव्हता. समलिंगी जीवनावरील बरीच पुस्तके अमेरिकेतून आणावी लागत, कारण ब्रिटिश प्रकाशक ती फारशी काढीत नसत. म्हणजे प्रथम बाजाराने पुस्तके परदेशी ठरविली आणि मग कायद्याने परदेशी म्हणून ती पकडली! नैतिकतेची चाड असल्याचे सोंग करणारा कायदा प्रत्यक्षात कोणाच्या मानेवर बसतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

बचावासाठी लोकांनी पंचावन्न हजार पौंडांहून अधिक निधी उभा केला. पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. दोन वर्षांनी, १९८६ मध्ये, युरोपीय न्यायालयाने दुसऱ्याच एका प्रकरणात असा निकाल दिला की, जी वस्तू ब्रिटनमध्ये तयार करणे व विकणे कायदेशीर आहे तिची युरोपीय समुदायातील देशांतून होणारी आयात ब्रिटनला अश्लीलतेच्या नावाखाली अडविता येणार नाही. त्यानंतर त्याच वर्षी हा खटला मागे घेण्यात आला.

परंतु या कथेचा जो भाग पक्षकार्यकर्त्यांनी विशेष लक्षात ठेवावा, तो याच दोन वर्षांतला आहे. मार्च १९८४ मध्ये ब्रिटनच्या कोळसा खाणकामगारांचा संप सुरू झाला. थॅचर सरकारने तो मोडण्याचा चंग बांधला, आणि पुढे न्यायालयाने कामगार संघटनेचा निधीही गोठविला. त्या उन्हाळ्यात मार्क ॲश्टन आणि माइक जॅक्सन यांनी पुढाकार घेऊन संपकऱ्यांना मदत करणारा समलिंगी स्त्री-पुरुषांचा एक गट स्थापन केला. त्याच्या बैठका याच दुकानात भरू लागल्या आणि त्याच्या बादल्या याच दुकानासमोर फिरू लागल्या. संघटनेकडे दिलेला पैसा अडकून पडेल म्हणून गटाने दक्षिण वेल्समधील डुलाइस खोऱ्यातील खाणवस्त्यांशी थेट नाते जोडले. १० डिसेंबर १९८४ रोजी कॅम्डनमध्ये त्यांनी संगीताचा मोठा मदत कार्यक्रम केला. समलिंगींना हिणविण्यासाठी वापरला जाणारा 'विकृत' हा शब्दच त्यांनी कार्यक्रमाच्या नावात अभिमानाने घातला होता. ज्या दुकानाचे संचालक स्वतः आरोपी होते, ज्याचा स्वतःचाच बचावनिधी गोळा व्हावयाचा होता, त्या दुकानाच्या दारात दुसऱ्याच्या संपासाठी पैसे गोळा होत होते. हे विसरता कामा नये.

मार्च १९८५ मध्ये संप हरला. पण जून १९८५ मध्ये लंडनला समलिंगींचा वार्षिक मोर्चा निघाला तेव्हा वेल्सचे खाणकामगार आपला झेंडा घेऊन त्याच्या अग्रभागी चालले. त्याच वर्षी मजूर पक्षाच्या अधिवेशनात समलिंगींच्या हक्कांचा ठराव संमत झाला, आणि त्यामागे खाणकामगार संघटनेची मते उभी राहिली. मार्क ॲश्टन हे तरुण कम्युनिस्ट संघटनेचे सरचिटणीस होते. फेब्रुवारी १९८७ मध्ये एड्सने त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांचे वय अवघे सव्वीस होते. त्यांच्या स्मरणार्थ २०१७ मध्ये लावलेली निळी पाटी आज त्या दुकानाच्या दर्शनी भिंतीवर आहे.

डाव्या चळवळीत एक युक्तिवाद फार काळ चालत आला आहे. आधी भाकरीचा प्रश्न, मग असले प्रश्न. हे सुखवस्तूंचे चोचले आहेत, यांनी वर्गीय एकजूट फुटते. मार्चमाँट स्ट्रीटने या युक्तिवादाला वाद घालून उत्तर दिले नाही, बादल्या घेऊन दिले. नोकरी जाईल या भीतीने जो माणूस कारखान्यात तोंड उघडू शकत नाही, त्याचा प्रश्न भाकरीचा नाही तर कशाचा आहे? घरातून हाकलून दिलेल्या मुलीला लागते ती खोली आणि तिचे भाडे, हा वर्गीय प्रश्न नव्हे काय? खाणवस्तीतील स्त्री-पुरुषांना हे पटावयास तात्त्विक शिबिर लागले नाही. आपल्यासाठी कोण उभे राहिले एवढे त्यांनी पाहिले. मात्र ही भेट घडण्यासाठी आधी एक जागा असावी लागली. एकजूट हवेत तयार होत नाही. तिला भिंती, खुर्च्या आणि संध्याकाळी उघडे राहणारे दार लागते.

पुढची संकटे निराळ्या रूपाने आली. १९८८ च्या स्थानिक शासन कायद्यातील कलम २८ ने नगरपरिषदांना समलिंगी जीवनाचा 'पुरस्कार' करण्यास बंदी केली. त्या भीतीने शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालये गप्प झाली. हे कलम स्कॉटलंडमध्ये २००० मध्ये, तर इंग्लंड व वेल्समध्ये २००३ मध्ये रद्द झाले. तोपर्यंत सार्वजनिक संस्थेने टाकलेली जबाबदारी एका लहान दुकानाला पेलावी लागली. दुसरीकडे पुस्तकांच्या किमती सर्वत्र समान ठेवणारा, १९०० पासून चालत आलेला प्रकाशक-विक्रेत्यांचा करार १९९५ मध्ये कोसळला, आणि प्रचंड सवलती देणाऱ्या साखळी दुकानांपुढे लहान विक्रेता उघडा पडला. नंतर संगणकावरून घरपोच पुस्तके येऊ लागली. न्यूयॉर्कचे ऑस्कर वाइल्डच्या नावाचे दुकान मार्च २००९ मध्ये बंद झाले. लंडनच्या दुकानावरही २००७ मध्ये तीच पाळी आली होती. तेव्हा वाचकांनी एकेका फळीचा खर्च वाटून घेतला आणि ते वाचले.

बाजारवादी म्हणेल की ज्या वस्तूला गिऱ्हाईक नाही ती जाणारच. पण हा हिशेबच अपुरा आहे. दुकानात उभे राहून वाचून गेलेला तरुण खरेदीच्या खात्यात दिसत नाही. त्या संध्याकाळी त्याने आत्महत्येचा विचार सोडून दिला असेल, तर ते कोणत्या रकान्यात लिहावयाचे? बैठकीला आलेल्या माणसाने तिकीट काढलेले नसते. ज्या उपयोगाची किंमत वसूल करता येत नाही तो उपयोग बाजार शून्य धरतो. शाळा, ग्रंथालये आणि रुग्णालये निव्वळ बाजारावर सोडू नयेत असे समाजवादी सांगत आले, ते याच कारणाने.

महाराष्ट्राला हा विषय परका वाटावयाचे कारण नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यात दिलेल्या उत्तरांबद्दल १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच लेखन अश्लील होत नाही, अशी त्यांची भूमिका होती. निकाल विरुद्ध गेला, कर्व्यांना दंड झाला. परंतु ज्या प्रश्नाला घरात, शाळेत, देवळात उत्तर मिळत नाही त्याला छापील पानावर उत्तर मिळाले पाहिजे, हा हक्क मुंबईच्या न्यायालयात लंडनच्या खटल्याआधी पन्नास वर्षे मांडला गेला होता.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ चा प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना लागू होणारा भाग रद्द केला. इंग्लंडच्या १९६७ सारखेच हे झाले. तेथेही कायदा बदलल्यावर बारा वर्षांनी ते दुकान उघडले होते. जिल्ह्याच्या गावी, तालुक्याच्या गावी राहणाऱ्या समलिंगी वा पारलिंगी तरुणाला निकालाची बातमी हातातल्या दूरध्वनीवर कळली असेल. पण बसावयाला जागा कोठे आहे? महाराष्ट्रात गावोगाव सार्वजनिक वाचनालये आहेत, पक्षांची कार्यालये आहेत, कामगार संघटनांच्या खोल्या आहेत. त्यांतील कित्येकांच्या कपाटांना कुलूप आहे आणि किल्ली कार्यवाहांच्या घरी आहे. तेथे एक फळी या विषयावरील पुस्तकांची ठेवावयास अनुदान लागत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ खोली उघडी ठेवावयास ठरावाचीही गरज नाही. गरज आहे ती एवढीच की, आत आलेल्या मुलाने पुस्तक हातात घेतले तर टेबलाशी बसलेल्या कार्यकर्त्याने मान वर करून त्याच्याकडे रोखून पाहू नये, आणि तो बोलावयास थांबला तर त्याला खुर्ची द्यावी.