किल्ली कुणाकडे, वही कुणाकडे

आजचा विषय तुमच्याकडूनच आलाय. वेगवेगळ्या गावांच्या गटांतून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. मुलगा म्हणतो, पुतण्या म्हणतो, कधी गटातलीच एखादी म्हणते, "बिटकॉइनमध्ये थोडे पैसे टाकू. दहा मिनिटांचं काम आहे. तू फक्त आधार, पॅन आणि एक फोटो दे, बाकी मी बघतो." आणि मग तुम्ही विचारता, "ताई, टाकू का?"

भाव वर जाईल की खाली, हे मी सांगणार नाही. ते छातीठोकपणे सांगणारा भेटला तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. मला बोलायचंय ते त्या शेवटच्या वाक्याबद्दल. 'बाकी मी बघतो.' या 'बाकी'त काय काय येतं, ते बघू.

बायकांच्या पैशाला लपण्याची जागा लागते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तांदळाच्या डब्यात, गोधडीच्या घडीत, माहेरच्या ट्रंकेत. ते चोरीचे पैसे नसतात. दूध विकून, अंडी विकून, शिवणकाम करून बाजूला काढलेले असतात. पोरीच्या फीसाठी, दवाखान्यासाठी, घरात कुणाचं पिणं वाढलं तर चूल पेटती राहावी म्हणून. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा बंद झाल्या, तेव्हा हे सगळे डबे एकदम उघडे पडले. नोटा बदलायच्या तर घरात सांगावं लागलं. किती जणींची वर्षांची पुंजी त्या आठवड्यात घरातल्या दुसऱ्या कुणाच्या खात्यात गेली, त्याची नोंद कुठेच नाही. म्हणून कुणी म्हणालं की "लपवायला काय झालंय, आपण काय चोर आहोत का," तर ते मला पटत नाही. खासगीपणा ही चोराची गरज नाही. ज्याच्या हातात सत्ता कमी, त्याला तो जास्त लागतो.

आता बिटकॉइनकडे येऊ. ऐकीव गोष्ट अशी की हा पैसा गुप्त असतो, कुणाला काही कळत नाही. खरं म्हणजे उलटं आहे. २००८ साली सातोशी नाकामोतो या नावानं कुणीतरी याची मूळ कल्पना लिहून प्रसिद्ध केली. तो माणूस कोण, हे आजही नक्की ठाऊक नाही. जानेवारी २००९ मध्ये ते सुरू झालं. त्यात बँक नाही. मग हिशेब कोण ठेवतं? सगळेच ठेवतात. एकच मोठी वही, तिच्या हुबेहूब प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर, आणि ती कुणालाही वाचता येते. आपल्या ग्रामपंचायतीच्या फलकावर यादी लावतात ना, तशी. फक्त यादीत नावाऐवजी एक लांबलचक आकडा-अक्षरांचा पत्ता असतो. या पत्त्यावरून त्या पत्त्यावर इतके गेले, एवढंच लिहिलेलं.

आणि लिहिलेलं खोडता येत नाही. २२ मे २०१० रोजी अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका माणसानं दोन पिझ्झांसाठी दहा हजार बिटकॉइन मोजले. ती नोंद आजही त्या वहीत आहे, कुणीही उघडून बघावी.

म्हणजे तुमचा पडदा एकच: त्या लांबलचक पत्त्यामागे तुम्ही आहात हे कुणाला माहीत नाही. समजा फलकावर ४७ नंबरची कुणीतरी आहे. कोण ते ठाऊक नाही, तोवर ठीक. पण एकदा तुम्ही माझ्यासमोर ४७ नंबरनं पैसे दिले, की मला आजचेच नाही, मागचे सगळे व्यवहार कळले. कधी आले, किती आले, किती उरले. पुढचेही कळत राहणार. सातोशीच्या त्या मूळ लेखातच सांगितलंय की दर व्यवहाराला नवा पत्ता वापरावा, म्हणजे धागा जुळणार नाही. पण रोज नवा पत्ता कोण सांभाळत बसणार? माणूस सोयीचं तेच करतो. एकच पत्ता सगळ्यांना देतो. सोयीसाठी दिलेली ही पहिली किंमत, आणि देणाऱ्याला ती दिल्याचं कळतही नाही.

दुसरी किंमत मोठी आहे. बिटकॉइन घ्यायचं तर बहुतेक लोक एखाद्या कंपनीचं ॲप घेतात. त्याला एक्सचेंज म्हणतात. तिथं रुपये भरायचे, बिटकॉइन घ्यायचं. पासवर्ड विसरला तर कंपनी नवा करून देते. अगदी बँकेसारखं सोपं. पण त्यासाठी आधार, पॅन, चेहऱ्याचा फोटो, बँक खातं, सगळं द्यावं लागतं. मार्च २०२३ पासून आपल्याकडच्या या कंपन्या काळा पैसा रोखण्याच्या कायद्याखाली आल्या आहेत, त्यामुळे ओळख तपासणं त्यांना बंधनकारक आहे. २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि विकताना ठराविक मर्यादेपुढे १ टक्का कर आधीच कापला जातो, तो तुमच्या पॅनवर नोंदला जातो. म्हणजे नाव आणि पत्ता यांची जोडी लागली. ४७ नंबरची कोण, हे आता एका कंपनीच्या कपाटात लिहिलेलं आहे.

सरकारला कळलं याला माझी तक्रार नाही. कर भरायचा असतो. माझी काळजी त्या कपाटाची आहे.

मे २०२५ मध्ये कॉइनबेस या अमेरिकेतल्या फार मोठ्या एक्सचेंजनं जाहीर केलं की परदेशातल्या त्यांच्या मदत केंद्रांमधल्या काही कर्मचाऱ्यांना लाच देऊन चोरांनी ग्राहकांची माहिती काढून नेली. ६९ हजारांहून जास्त लोकांची. नावं, घरचे पत्ते, फोन नंबर, ओळखपत्रांचे फोटो. कुलूप फोडावंच लागलं नाही, फोन उचलणारी माणसंच फितवली. चोरांनी कंपनीकडे दोन कोटी डॉलर मागितले, कंपनीनं दिले नाहीत. पण ग्राहकाचं काय? उद्या त्याला फोन येतो, "आम्ही कंपनीतून बोलतोय," आणि बोलणारा त्याचं नाव, पत्ता, ओळखपत्राचा तपशील घडाघडा सांगतो. कुणाचाही विश्वास बसेल. पासवर्ड बदलता येतो हो. चेहरा कसा बदलणार?

याहून मला चटका लावणारी गोष्ट २०२० ची. फ्रान्समधली लेजर नावाची कंपनी एक छोटंसं यंत्र विकते, पेनड्राइव्हएवढं. आपली किल्ली एक्सचेंजकडे नको, आपल्याच हातात राहावी, म्हणून काळजी घेणारे लोक ते विकत घेतात. आता यंत्र घरपोच मागवलं म्हणजे नाव, पत्ता, फोन दिला. त्या दुकानाच्या नोंदींतून सुमारे २ लाख ७२ हजार ग्राहकांची नावं, पत्ते, फोन डिसेंबर २०२० मध्ये इंटरनेटवर सगळ्यांसमोर आले. यंत्रातले पैसे सुरक्षित होते. पण कुणाच्या घरी हे यंत्र आहे, याची यादीच बाहेर पडली, आणि लोकांना धमक्या येऊ लागल्या. तिजोरी भक्कम घेतली, आणि तिजोरीवाल्याच्या वहीत आपलं घर लिहून आलो.

किल्ली म्हणजे काय, तेही सांगते. बिटकॉइन स्वतःकडे ठेवायचं तर बहुधा बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्दांची एक ओळ मिळते. तीच किल्ली. ज्याच्याकडे ते शब्द, त्याचे पैसे. कागदावर लिहून ठेवायचे. कागद उंदरानं खाल्ला, पावसात भिजला, तर पैसे गेले. जगात कुणीही ते परत देऊ शकत नाही. फोनमध्ये फोटो काढून ठेवला, तर फोन बघणाऱ्या प्रत्येकाकडे किल्ली गेली. आपल्याकडे एकच फोन तीन जण वापरतात, हे विसरू नका. स्वतः सांभाळणं हे असं आहे. त्यापेक्षा एक्सचेंज बरं, असं वाटलं तर मी तुम्हाला दोष देणार नाही.

पण मग हेही ऐका. आपल्या देशातल्या वझीरएक्स या एक्सचेंजमधून १८ जुलै २०२४ ला सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे दोन हजार कोटी रुपयांच्या आसपास, चोरीला गेले. त्या तिजोरीला आपल्या गटाच्या पेटीसारख्या एकापेक्षा जास्त किल्ल्या होत्या. अनेकांच्या सह्या लागत. पण कंपनीनं सांगितलं ते असं, की पडद्यावर एक दिसत होतं आणि सही भलत्याच गोष्टीवर झाली. आपल्यात कोऱ्या स्लिपवर सह्या करून ठेवणाऱ्या अध्यक्षा-सचिव आहेत, त्यांनी हे जरा जास्त लक्ष देऊन ऐकावं. त्यानंतर ग्राहकांचे पैसे वर्षाहून जास्त काळ अडकून पडले. आधार दिलं, पॅन दिलं, चेहरा दिला, आणि पैसे काढायला गेले तर दार बंद.

काही जण यातून पळवाट काढतात. ओळख न देता, कुणा अनोळखी माणसाकडून थेट घ्यायचं. तो बिटकॉइन देतो, आपण खात्यावर पैसे टाकतो. किंवा आपण विकतो आणि तो आपल्या खात्यावर पैसे टाकतो. इथं एक गंमत होते, आणि ती जीवघेणी आहे. त्याच्याकडून आलेले पैसे कुठल्यातरी फसवणुकीतले निघाले, तर पोलिसांच्या तपासात तुमचं खातं गोठतं. तुमचं काही चुकलेलं नसतं, पण त्याच खात्यात दुधाचे पैसे येतात आणि लाडक्या बहिणीचे हप्तेही. सगळंच थांबतं.

आणि आता जे सांगते ते जरा आवाज वाढवूनच ऐका. फसवणूक करणाऱ्यांना दुसऱ्यांच्या नावाची खाती हवी असतात. त्यासाठी ते साध्या माणसांकडे येतात. "ताई, तुमच्या नावानं फक्त खातं उघडू, महिन्याला हजार-दोन हजार मिळतील." सिमकार्ड तुमचं, आधार तुमचं, मान हलवून डोळे मिचकावून काढलेला व्हिडिओ तुमचा. वापरणार तो. चोरीचे पैसे त्या खात्यात येतात आणि लगेच बिटकॉइनसारख्या चलनात बदलून निघून जातात. मागे उरतं ते तुमचं नाव. वहीत सगळं दिसतं म्हटलं ना, पण तपास सगळ्यात आधी ज्या नावाशी येऊन थांबतो, ते त्याचं नसतं, तुमचं असतं.

मग घरच्या मुलाचं काय, तो तर आपलाच. खरंय. मुलावर संशय घ्या असं मी म्हणत नाही. पण त्याला तीन गोष्टी विचारा. खातं कुणाच्या पॅनवर आहे? किल्ली किंवा पासवर्ड कुणाकडे आहे? आणि माझ्या आधारचा फोटो तू कुणाकुणाला पाठवलास? खातं त्याच्या पॅनवर असेल तर कागदावर पैसे त्याचे. उद्या सून आली, वाटण्या झाल्या, तर तुम्ही अंडी विकून दिलेल्या रकमेला कसलाच पुरावा नाही. खातं तुमच्या पॅनवर आणि फोन त्याच्या हातात असेल, तर कराची नोटीस तुम्हाला आणि पैसे त्याला.

आधारचं एक कामाचं सांगते. आधारच्या सरकारी संकेतस्थळावरून झाकलेलं आधार काढता येतं, त्यात पहिले आठ आकडे दिसत नाहीत, फक्त शेवटचे चार दिसतात. जिथं चालतं तिथं तेच द्या. झेरॉक्स दिली तर तिच्यावर तारीख आणि कशासाठी दिली ते आडवं लिहा. व्हॉट्सॲपवर आधारचा फोटो पाठवला की तो समोरच्याच्या फोनमध्ये कायमचा राहतो, हे माहीत असू द्या. बोटांच्या ठशांना आधारमध्येच कुलूप लावायची सोय आहे, ती सेवा केंद्रावर विचारून घ्या.

शेवटी एका गटाचा प्रश्न होता, की गटाच्या शिलकीतले थोडे पैसे टाकले तर? माझं उत्तर 'नको' असं आहे, आणि त्याचं कारण भाव नाही. तुम्ही जे ॲप म्हणताय त्यावर खातं एकीच्या नावानं उघडणार. गटाच्या वहीत पैसे दहा जणींचे, आणि बाहेर ते एकीचे. कर तिच्यावर, ओळख तिची, किल्ली तिच्या फोनमध्ये. ती आजारी पडली तर? तिचा फोन हरवला तर? आपली पेटी उघडायला तिघी एकत्र याव्या लागतात, सगळ्यांसमोर मोजणी होते, आणि गटाबाहेर कुणाला आकडा कळत नाही. ही व्यवस्था मोडून काय मिळणार, ते ठरावात लिहून बघा. लिहायला बसलात की बैठकीतच चर्चा होईल.

आणि ज्यांनी आधीच कुणाला कागद दिलेत आणि आता काही विपरीत दिसतंय, त्यांनी वाट बघू नका. १९३० या नंबरवर लगेच फोन करा, सायबर फसवणुकीची तक्रार तिथं घेतात. आज रात्रीच केला तरी चालेल, उद्या बाजारावरून आल्यावर नको.