हमालाची पाठ आणि विद्वानांची परिषद



चालकांनी बोलाविले तेव्हा आम्ही त्यांस सांगितले की, आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे सारे शिक्षण मोंढ्यात झाले. ते म्हणाले, मोंढ्यातलेच सांगा. म्हणून आज आमच्या एका फजितीची हकीकत सांगतो.

वसमतच्या हळदीसाठी २०२२ साली येथे संशोधन केंद्र मंजूर झाले, ही आनंदाची गोष्ट. परंतु ती हळद वाहणाऱ्या पाठीचे संशोधन कोणी करावे? एका माणसाचे ओझे ५५ किलोंवर असेल तर ते तेवढ्यावर आणावे, अशी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची शिफारस १९६७ ची. आपला माथाडी कायदा १९६९ चा. पाठी मात्र दुखतच राहिल्या.

एक डॉक्टरमित्र म्हणाले, सार्वजनिक आरोग्याच्या परिषदेपुढे हे मांडा. तेथे बोलावयाचे तर आधी गोषवारा पाठवावा लागतो. शब्द सुमारे अडीचशे. पार्श्वभूमी, पद्धत, काय आढळले आणि त्यावरून काय म्हणता येते, असे चार कप्पे. परीक्षकांना लिहिणाराचे नाव दिसत नाही. हे आम्हांस फार आवडले; मोंढ्यात मालाआधी मालकाचे नाव पाहतात!

चार रात्री जागून आम्ही लिहिले. 'शोषण' हा शब्दच सहा वेळा आला. मित्रांनी त्याचे इंग्रजी केले. गोषवारा नापसंत होऊन परत आला, शेरा एवढाच: किती जणांपैकी?

राग आला. मग वही उघडली. वहीत कोण होते? जे कचेरीत कण्हत आले, तेवढेच. जो मुकाट सोसतो तो नाही. ज्याची पाठ पार गेली आणि जो काम सोडून गावी परतला, तोही नाही. सर्वांत मोठे दुःख आम्हीच हिशेबाबाहेर ठेवले होते.

तेव्हा मित्रांनी गडचिरोलीचे उदाहरण दिले. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी तेथील दोन गावांतील ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये तो लेख आला. तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया ५५ टक्के. तपासणीत स्त्रीरोग आढळले ९२ टक्क्यांना. अशी तपासणी पूर्वी झालेल्या अवघ्या ८ टक्के. तक्रारवाल्याच तेवढ्या तपासल्या असत्या, तर बाकीच्यांचे दुखणे कोणास कळले असते?

आम्ही पुन्हा आरंभ केला. आधी नैतिक समितीची मंजुरी घ्या, प्रत्येकाची संमती घ्या, असे सांगण्यात आले. पाठ आमच्या माणसाची आणि परवानगी समितीची, असे म्हणून आम्ही कुरकुरलो. पण एका वृद्ध हमालाने विचारले, "भाऊ, माझं नाव अडत्याला कळंल का? पोरगं तिथंच कामाला हाय." त्यानंतर कुरकुर केली नाही. नावे वेगळ्या वहीत कुलपात आहेत. पाठीच्या वहीत फक्त आकडा.

मंजुरी आली आहे. जुन्या हजेरीपटांवरून सर्वांची यादी केली, काम सोडून गेलेल्यांचीसुद्धा, आणि सुटीच्या दिवशी गावोगाव जात आहोत. काही जण वारले. त्यांच्या घरी विचारावयाचे आहे. गोषवाऱ्याची मुदत जवळ येत आहे, आणि पुष्कळांचा पत्ता लागत नाही. आपल्यापैकी कोणाचे वडील वा आजोबा या मोंढ्यात पोती उचलीत असतील, तर सभा संपल्यावर आम्हांस भेटावे. आम्ही दाराशीच उभे आहोत.