गणित सोडण्याआधी

(दहावीचे विद्यार्थी आणि पालकांच्या परळमधील मेळाव्यात केलेलं भाषण)



मला करिअरवर बोलायला सांगितलंय. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे ‘सगळे कॉम्प्युटर शिका’ असं सांगून मी खाली बसेन, असं काही पालकांना वाटत असेल. तसं मी सांगणार नाही. मला एकाच विषयाबद्दल बोलायचंय, कारण इथल्या बऱ्याच जणांनी तो सोडायचं मनातल्या मनात ठरवून टाकलंय. गणित.

आधी घरचं सांगतो. माझे आजोबा लालबागच्या गिरणीत साचेखात्यात होते. माणूस कपडे घालायचं थांबणार नाही, म्हणून गिरणी बंद पडणार नाही, असा त्यांचा हिशेब. वडिलांनाही त्यांनी बदलीवर लावलं. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. पुढचं इथल्या प्रत्येक चाळीला माहीत आहे. वडिलांना साचा सोडून काहीच येत नव्हतं. त्यांनी टॅक्सी चालवली.

आज कुणी चाचा, कुणी मामू तुम्हाला सांगतात, ‘डेटा सायन्सला स्कोप आहे’, तेव्हा मला आजोबांचा हिशेब आठवतो. माझंही खातं उद्या बंद पडू शकतं. नोकरीत मी आतापर्यंत तीन वेळा नव्याने शिकलो. प्रत्येक वेळी कामाला आलं ते अकरावी-बारावीचं गणित: संभाव्यता, मॅट्रिक्स, आलेख. म्हणून ‘कशाला स्कोप आहे’ हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. आज कोणता विषय सोडला तर उद्या कोणतं दार बंद होईल, हे विचारा.

माझ्या मावसबहिणीला दहावीला गणितात ८१ मार्क होते. घरच्यांनी कॉमर्स ठरवलं, कारण कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर होतं. तिथे खिडकीवर सांगितलं, ‘मॅथ्स कशाला? एसपी घे, स्कोअरिंग आहे.’ एसपी म्हणजे सेक्रेटरिअल प्रॅक्टिस. तिने घेतलं, मार्कही छान पडले. बारावीनंतर तिला बीएस्सी आयटी करायचं होतं. कॉमर्सवाल्यांना तिथे प्रवेश मिळत होता, फक्त बारावीला गणित हवं होतं. तिचं नव्हतं. पंधराव्या वर्षी एका खिडकीवर दोन मिनिटांत घेतलेला निर्णय! पुढे बीकॉम करून, अकाउंट्सची नोकरी सांभाळून, रात्री क्लास लावून ती माझ्याच क्षेत्रात आली. सहा वर्षं जास्त लागली.

आणि ‘सीएला गणित लागत नाही’ हेही अर्धंच खरं आहे. बारावीला गणित नसलं तरी सीए फाउंडेशनला बसता येतं, पण त्या परीक्षेत गणित आणि संख्याशास्त्राचा पेपर असतोच.

आता भीतीबद्दल. मी मराठी माध्यमाचा. अकरावीत पहिला महिनाभर सर ‘पर्पेंडिक्युलर’ म्हणायचे आणि मी नुसता बघत बसायचो. तो आपला ‘लंब’ आहे हे कळलं तेव्हा हसू आलं आणि रागही आला. उर्दू माध्यमाची मुलं त्रिकोणाला ‘मुसल्लस’ म्हणत आली. नाव बदललं तरी त्याच्या कोनांची बेरीज १८०च राहते. आपली बरीच मुलं गणिताला घाबरतात असं म्हणतात. मला वाटतं ती इंग्रजीला घाबरतात. या सुट्टीत दोनशे शब्दांची वही करा, एका बाजूला आपला शब्द, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. क्लासची फी भरण्याआधी हे करा.

पालकांना एक विनंती. ऑनलाइन फॉर्ममध्ये पसंती भरताना कॉलेज आणि शाखा एकत्रच निवडायची असते. मी दरवर्षी बघतो, मुलगा असेल तर शाखा धरून कॉलेज बदलतात, मुलगी असेल तर कॉलेज धरून शाखा बदलतात. लालबागहून माटुंग्याला जायला कितीसा वेळ लागतो? आणि पहिल्या क्रमांकावर उगाच काही टाकू नका. तेच मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव जातं.

सायन्स घेणाऱ्यांनी, झेपत असेल तर, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा. कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्सचं बायफोकल घेतलं की बहुतेक वेळा जीवशास्त्र सुटतं, हे फॉर्म भरतानाच लक्षात घ्या.

घरी लवकर कमावण्याची गरज असेल तर दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. भायखळ्याला साबू सिद्दीक पॉलिटेक्निक आहे. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्येही डिप्लोमा होतो. ती संस्था १८८७ साली भायखळ्यातच सुरू झाली, गिरण्यांना लागणारी माणसं शिकवून तयार करायला. गिरण्या गेल्या, ती आहे. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. ‘दहावीत कमी पडले म्हणून डिप्लोमा’ असं कृपा करून म्हणू नका. माझ्या टीममधले दोन चांगले इंजिनिअर त्याच वाटेने आलेत. पण तिथेही पहिल्याच वर्षी गणित आहे!

ज्याला मनापासून चित्रकला करायची आहे, कायदा शिकायचाय, त्याच्यावर मी गणित लादणार नाही. जेजेला किंवा पाच वर्षांच्या लॉला बारावी कुठल्याही शाखेची चालते. आर्ट्स घेणाऱ्या मुलाला ‘काय हे’ म्हणणारे काका आपल्याकडे कमी नाहीत, त्यात मला भर घालायची नाही. फक्त, गणित नको म्हणून आर्ट्स घेऊ नका. आर्ट्स हवं म्हणून घ्या.

सात वाजेपर्यंत मी मागच्या टेबलावर बसलोय. मार्कशीट आणि पसंतीची यादी घेऊन या. ज्यांनी यादी आईवडिलांना अजून दाखवली नसेल, त्यांनीही या.