लष्करी मालमोटारीचा छंद



निवृत्त शिक्षकानें बागेला पाणी घालावें, पोथी वाचावी, फार तर नातवंडांकडून पाढे म्हणवून घ्यावे, अशी आपल्याकडील सर्वसाधारण समजूत आहे. मीं यांपैकीं कांहींच न करतां वाशीम जिल्ह्यांतील आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेंत दुसऱ्या महायुद्धाच्या काळांतील एक मोडकी मालमोटार आणून उभी केली. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. यंत्रविद्येशीं माझा संबंध शाळेच्या घड्याळाला किल्ली देण्यापलीकडे कधीं आला नव्हता. घरांत या पाहुणीचें स्वागत कसें झालें असेल, याची कल्पना गृहिणींनींच करावी.

ही गाडी मला कारंज्याच्या बाजूस एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारांत दिसली. हौद्याच्या फळ्या कुजून गेल्या होत्या आणि त्या फटींतून बाभळीचें एक झाड वर आलें होतें. भंगाराच्या दरानें सौदा ठरला. झाड तोडण्याची मजुरी मात्र वेगळी द्यावी लागली.

गाडी मूळची कॅनडाची. ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यांसाठीं ऑशावा येथील जनरल मोटर्सच्या आणि विंडसर येथील फोर्डच्या कारखान्यांतून महायुद्धाच्या काळांत एकाच घडणीच्या सुमारें चार लाख गाड्या बाहेर पडल्या. माझी त्यांतील शेव्हरोले, तीन टनी. नाक बसकें, चेहरा चिडलेल्या बुलडॉगसारखा. पुढच्या कांचा सरळ उभ्या नसून खालच्या बाजूस झुकत्या बसविलेल्या आहेत. उन्हाची तिरीप त्यांवरून चमकून शत्रूच्या विमानाला गाडीचा ठाव लागूं नये, हा त्यांतील हेतु. युद्ध संपल्यावर सैन्याला नकोशीं झालेलीं वाहनें सरकारनें ‘डिस्पोजल’ म्हणून विकलीं, आणि वाळवंटासाठीं व जंगलासाठीं घडलेल्या अशा कित्येक गाड्या आपल्याकडे कापूस, गहूं आणि सिमेंट वाहूं लागल्या.

इंजिन अर्थातच जाम होतें. सहाही सिलिंडरांत घासलेट व तेल यांचें मिश्रण ओतून मी रोज सकाळीं हँडलवर थोडा जोर देऊन पाहत असें. एकविसाव्या दिवशीं तें बोटभर फिरलें, आणि स्नान आटोपून आलेला मी पुन्हां तेलानें माखलों. आंतील बेअरिंगें आजच्यासारखीं विकत आणून बसवण्याचीं नव्हेत. कथील, अँटिमनी व तांबें यांचा पांढरा धातु वितळवून जागच्या जागीं ओतावा लागतो आणि मग हातानें खरवडून दांड्याशीं मिळवावा लागतो. हें काम येणारा एक वृद्ध मिस्त्री अकोल्यास भेटला. त्यानें प्रथम माझें वय विचारलें, मग गाडीचें, आणि मग हंसून काम स्वीकारलें.

एक गोष्ट मात्र गंभीरपणें सांगतों. या गाडीचें चाक दोन भागांचें असून ते भाग बोल्टांनीं जोडलेले असतात. टायरमध्यें हवा असतां ते बोल्ट सैल केले, तर लोखंडाचें अर्धें चाक तोफेच्या गोळ्यासारखें उडतें. म्हणून लष्करांत त्या नटांना तांबडा रंग देत. माझ्या गाडीवर तो रंग केव्हांच उडून गेला होता. मिस्त्र्यानें ओरडून हात धरला नसता, तर हें भाषण दुसऱ्या कोणाला करावें लागलें असतें.

आतां रंगाची हकीकत. अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचें अहिल्यानगर, येथें सैन्यानें १९९४ मध्यें उघडलेलें रणगाड्यांचें संग्रहालय आहे. तेथील टापटीप पाहून मी परत आलों, तो आपलीहि गाडी अशीच हिरवीगार लष्करी दिसली पाहिजे असा निश्चय करूनच. उजव्या दारावर, म्हणजे चालकाच्या बाजूस, निळा रंग होता व त्यावर कांहीं अक्षरें होतीं. मीं तीं धड वाचलीं सुद्धां नाहींत. पॉलिश पेपर घेऊन दोन दिवस घासलें. निळ्याखालीं पिवळा, पिवळ्याखालीं तांबडा, आणि त्याखालीं खरोखरच तो मळकट हिरवा रंग निघाला. त्यावर पांढऱ्या आंकड्यांपैकीं शेवटचे तीन पुसटसे दिसले. मला झालेला आनंद काय सांगावा! शेजाऱ्यांना बोलावून दाखवले.

त्यानंतर आठवड्याभरानें ऐंशीच्या घरांतील एक गृहस्थ काठी टेकीत आले. गाडीभोवतीं एक फेरी मारून ते त्या दारापाशीं थांबले. “गुरुजी, इथं माह्या बापाचं नाव होतं.”

त्यांचे वडील या गाडीचे चालक, आणि हे स्वतः क्लीनर. गाडी सैन्यांत असून असून किती असणार? तीन-चार वर्षें. वऱ्हाडांत ती तीस वर्षें चालली. १९७२ च्या दुष्काळांत तिच्यांतून गांवोगांव मिलो ज्वारी गेली. मी तेव्हां शाळकरी पोर होतों. शाळेंत मिळालेली सुकडी आणि घरीं ती तांबडी भाकर मीं खाल्ली आहे. न जाणों, त्यांतील एखादें पोतें याच हौद्यांतून उतरलें असेल.

“बाप शायेत गेला नोता,” ते म्हणाले. “मालकानं दारावर नाव लिहून देल्लं. थे पाहून पाहून तो सही कराले शिकला.”

अडतीस वर्षें मीं मुलांना मुळाक्षरें गिरवावयास लावलीं. आणि एका निरक्षर माणसाचा कित्ता या हातांनीं पुसला, तोहि न वाचतां! मीं त्यांना म्हटलें, पेंटर आणून तें नांव पुन्हां लिहवून घेतों. त्यांनीं मान हलविली. “तुमी लिहान थे तुमचं अक्षर होईन, गुरुजी.” त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता, हें मला अधिक लागलें.

कांहीं दिवसांनीं त्यांनीं वडिलांच्या सहीचा एक जुना कागद आणून दाखविला. सहींतील प्रत्येक अक्षराच्या उजव्या अंगास एक बारीक दुसरी रेघ होती. पेंटर लोक अक्षराला उठाव यावा म्हणून सांवली काढतात ना, तीच! वडिलांना ती अक्षराचाच भाग वाटली, आणि जन्मभर ते आपल्या सहीला सांवली देत आले. त्या कागदाची छायाप्रत मीं कांचेखालीं लावून चालकासमोर बसविली आहे.

डावें दार मीं घासलें नाहीं. त्यावर जिनिंगचें नांव आहे, निळा रंग आहे, गंज आहे. गंज वाढूं नये म्हणून जवसाचें तेल चोळतों, इतकेंच. उजवें दार हिरवें, तीन आंकड्यांसह. परवां पुण्याहून आलेल्या एका तरुण शौकिनानें गाडी पाहून ‘अर्धवट काम’ असा शेरा दिला. तो चुकीचा नाहीं.

इंजिन चालतें. ब्रेकचें काम उरलें आहे. रस्त्यावर मात्र ती येणें कठीण: केंद्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें पन्नास वर्षांवरील वाहनांच्या नोंदणीचे जे खास नियम केले, त्यांत दुचाक्या व खाजगी मोटारी बसतात, मालवाहू गाडी बसत नाहीं. तेव्हां आमची फेरी चिंचेपासून विहिरीपर्यंत आणि परत. ते गृहस्थ दर गुरुवारीं येतात, क्लीनरच्या जागेवर बसतात आणि मी गिअर टाकला कीं प्रत्येक वेळीं म्हणतात, “असा नाही, गुरुजी. दोनदा क्लच दाबा.”